सुरात लावलेला जनरेटर

ज्या बाईनं निम्म्या गावाला श्वास रोखून धरायला शिकवलं, तिच्याच फुप्फुसांनी म्हातारपणी अंग काढून घ्यावं, हा काही बरा विनोद नव्हे. पण बाई तो विनोद म्हणूनच सांगायच्या. नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर त्यांची सगळी नोकरी गेली. गळ्यात शिट्टी, हातात लांब काठी, आणि आवाज असा की खोल पाण्याच्या काठावर रेंगाळणारं पोर त्यांच्या नुसत्या हाकेनं पाण्यात पडायचं. त्यांना एखादं नाव असणारच, पण ते वापरायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यांच्या त्या बाई.

आता पलंगाशेजारी चाकांवरचं एक यंत्र उभं असे, लहानशा कपाटाएवढं. ते खोलीतली हवा ओढून घ्यायचं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचं आणि लांब नळीतून बाईंच्या नाकाशी पोचवायचं. "इतक्या पोरांचे श्वास मोजले, माझे मोजायला हा कारकून ठेवलाय," असं म्हणून बाई हसायच्या, आणि हसून झालं की जरा थांबायच्या, कारण हल्ली हसायलाही दम लागत होता.

त्यांच्या नवऱ्याचा धंदा पियानो सुरात लावून देण्याचा. शाळा, सभागृहं, हौशी लोकांची घरं, जिथं म्हणून पियानो होता तिथं हे गृहस्थ आपली पेटी घेऊन जात. लोक त्यांना सूरवाले म्हणत. या माणसाचा कान म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप होता. फ्रिज घुमायला लागला की ते डोळे मिटून घेत. "दोन पट्ट्यांच्या मधोमध अडकलाय," म्हणत. "ना खालच्या सुरात, ना वरच्या." ट्यूबलाइट तशीच, ऑक्सिजनचं यंत्र तसंच, कोपऱ्यावरचा विजेचा डबाही तसाच. विजेवर घुमणारं जे जे म्हणून आहे ते सगळं एकाच बेसूर सुरात घुमतं आणि याची दाद मागायला कुठं जागा नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती.

बाईंच्या गाण्याबद्दल मात्र ते चकार शब्द काढत नसत. बाई पूर्वी मोठ्यानं गायच्या, आणि अगदी मनापासून बेसूर गायच्या. तेवढ्या वेळापुरतं सूरवाल्यांना मागच्या अंगणात काहीतरी काम निघायचं. आता बाईंना गाण्याइतका दम उरला नव्हता, त्यामुळं सूरवाल्यांना अंगणात पळायचं कारणही उरलं नव्हतं, आणि ते त्यांना मुळीच आवडलेलं नव्हतं.

तर, या घरात वीज जायची. तशी सगळीकडेच जाते, पण मागच्या महिन्यात ती भरदुपारी गेली ती दिवेलागण होऊन गेली तरी परत येईना. यंत्र बंद पडलं. जोडीला ठेवलेला लहान सिलिंडर तळाला लागला. शेवटी शेजाऱ्याच्या गाडीतून बाईंना दवाखान्यात हलवावं लागलं. बाई तिथं मजेत राहिल्या, दोन परिचारिकांना पोहायला यायचं आमंत्रणही देऊन आल्या. पण शहरातून धावत आलेल्या त्यांच्या लेकीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आता बास," लेक म्हणाली. "आई, तू माझ्याकडे चल. बाबा, तुम्हीसुद्धा. आमच्या इमारतीत वीज गेलेली कळतसुद्धा नाही."

तिचं काही चूक नव्हतं. तिची इमारत उंच होती आणि तळघरात ट्रकएवढा जनरेटर होता. पण बाई आणि सूरवाले तिथं एकदा राहून आले होते. त्या घराच्या खिडक्या उघडतच नसत. सूरवाले या काचेपासून त्या काचेपर्यंत फेऱ्या मारत, आणि बाईंना काहीच ऐकू येत नसे. इथं, आपल्या घरात, खिडकीशी खुर्ची ओढून बसलं की पलीकडच्या गल्लीतला तलाव ऐकू यायचा. पोरांचा कालवा, उड्या, नव्या शिक्षकाची शिट्टी. नुसत्या आवाजावरून बाईंना कळायचं की कोण पाय नीट मारत नाही आणि कोण काठाला धरून बसलंय. "अरे, सोड तो काठ!" त्या खिडकीतून पुटपुटायच्या. तो तलाव कानाआड झाला तर यंत्रानं कितीही हवा दिली तरी आपला जीव गुदमरेल, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"आपण जनरेटर घेऊ," बाई म्हणाल्या.

लेकीनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "घ्या. पण मी परीक्षा घेणार. पुढच्या रविवारी येईन, माझ्या हातानं मेन स्विच बंद करीन आणि तासभर इथं बसेन. यंत्र न कुरकुरता चाललं, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही चाललं, तर तुमच्या बॅगा मी भरणार."

"कबूल," बाई म्हणाल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या बाईला परीक्षेला नाही म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेले. बाईंच्या खांद्याला लहान सिलिंडर अडकवलेला, सूरवाल्यांच्या खिशात नादकाटा. हा नादकाटा म्हणजे दोन काट्यांचा पोलादी चिमटा. गुडघ्यावर आपटला की एकच एक स्वच्छ सूर देतो आणि सगळा पियानो त्यावरून लावतात. जनरेटरच्या दुकानात तो कशाला हवा, हे विचारायचं बाईंनी सोडून दिलं होतं.

गल्ल्यावरचा आडव्या अंगाचा दुकानदार बाईंना पाहून ताडकन उभा राहिला आणि त्यानं पोटसुद्धा आत ओढून घेतलं. "बाई! तुम्ही?"

"दगडोबा!" बाई म्हणाल्या. लहानपणी पाण्यात टाकल्यावर हा सरळ तळाशी जायचा, म्हणून त्यांनीच त्याला हे नाव ठेवलं होतं. "अजून बुडतोस का रे?"

"पाण्याच्या वाटेला जातच नाही बाई." दगडोबानं खुर्ची पुसून पुढं केली. "घरात काय काय चालवायचंय तेवढं सांगा. त्यावर सगळं ठरतं."

"माझं यंत्र आधी. मग फ्रिज, दोन दिवे, पंखा. आणि चहाची किटली."

"आधी वाजवून दाखवा," सूरवाले म्हणाले.

"वाजवून?"

"चालू करून म्हणतायत ते," बाई म्हणाल्या. "कर बाबा. नाहीतर इथंच संध्याकाळ होईल."

दुकानामागच्या मोकळ्या जागेत दगडोबानं पहिल्यांदा आपला लाडका काढला. टेबलाएवढा, चार चाकांचा, अख्खं घर आणि वर शेजाऱ्याचं अर्धं घर चालवील असा. दोरी ओढली आणि भिंतीवरची कबुतरं उडाली. सूरवाले दोन्ही कानांवर हात ठेवून दुकानात परत गेले. "तो चालत नव्हता, भांडत होता," ते नंतर म्हणाले.

दुसरा जनरेटर होता सुटकेसएवढा, वर धरायला मूठ. चालू केला तर समोरासमोर बोलता येईल इतपतच आवाज. बाईंना तो बघताक्षणीच आवडला. दगडोबानं त्याला किटली जोडली, तर आतलं इंजिन एकदम पळायला लागलं आणि आवाज सरसर वर चढला. किटली काढली, आवाज घसरत खाली आला.

"हा हुशार आहे," दगडोबा कौतुकानं म्हणाला. "काम जेवढं, तेवढाच पळतो. पेट्रोल वाचतं."

"हुशार असेल, पण एका सुरावर थांबत नाही," सूरवाले म्हणाले. "फ्रिज लागला की वर, बंद झाला की खाली. दिवसभर नुसता घसरतोय. असला माणूससुद्धा घरात नको, यंत्र कशाला?"

आता कुणाही शहाण्या माणसानं तो दुसराच घेतला असता. बाईंनाही तसंच वाटत होतं. पण दोरी ओढायची यांनी, पेट्रोल भरायचं यांनी आणि ऐकत बसायचं यांनी. तेव्हा त्यांच्या कानाला सोसेल असंच काहीतरी घ्यावं, असा बाईंनी विचार केला. संसारात असले विचार करायला लागतात.

तिसरा मधल्या अंगाचा होता. लोखंडी नळ्यांच्या चौकटीत बसवलेला, दिसायला साधा. तो सुरू झाला तो एकाच सुरात घुमत राहिला. किटली जोडली, किंचित दचकला, पुन्हा होता तिथंच आला. सूरवाल्यांनी नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, मग डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. तेवढ्यात दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं हा काय प्रकार आहे म्हणून बघत राहिली.

"फ्रिजचाच भाऊ आहे. मधोमध अडकलेला," ते शेवटी म्हणाले. "बेसूर आहे, पण ठाम आहे."

"माझ्या यंत्राला चालेल का हा?" बाईंनी दगडोबाला विचारलं.

"बिनघोर चालेल. इंजिनाचा वेग एकसारखा, म्हणून वीजही एकसारखी. आता दोन गोष्टी ऐका." दगडोबानं आवाज गंभीर केला. "एक, हा घरात ठेवायचा नाही, खिडकीखाली नाही, व्हरांड्यात नाही. याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याचा वासही येत नाही, आणि माणूस झोपेतून उठत नाही. लांब, मोकळ्यावर ठेवायचा. आणि दुसरं, हा बारका स्क्रू दिसतोय? लाल ठिपका मारलेला? यानं इंजिनाचा वेग कमीजास्त होतो. कारखान्यात तो लावून दिलेला असतो. त्याला हात लावायचा नाही."

दगडोबा भला माणूस, पण इथं त्याची अक्कल पाण्यात गेल्यासारखी तळाला गेली. ज्या माणसानं जन्मभर खुंट्या पिळून तारा सुरात आणल्या, त्याला एक बेसूर वस्तू विकायची आणि वर तिचा स्क्रू बोटानं दाखवायचा?

आठवडाभर घरात नुसता उत्साह होता. अंगणाच्या पार टोकाला, घरापासून लांब, चारी बाजूंनी मोकळा असा पत्रा उभा राहिला आणि त्याखाली जनरेटर विराजमान झाला. वायरमननं येऊन मेन स्विचजवळ एक नवा खटका बसवून दिला. एका बाजूला केला की घर बाहेरच्या विजेवर, दुसऱ्या बाजूला केला की जनरेटरवर. सूरवाले रोज सकाळी जनरेटर थोडा वेळ चालवून बघत. त्याला ते सराव म्हणत. बाई खिडकीतून बघत आणि त्यांना बरं वाटे. किती दिवसांनी हा माणूस अंगणात रमला होता. ते त्या यंत्रापाशी उकिडवे बसून नेमकं काय करतायत, हे मात्र त्यांनी बघितलं नाही. त्यांचं लक्ष तलावाकडे होतं. तिथं नवी तुकडी आली होती आणि एक पोर सारखं रडत होतं.

रविवार उजाडला. लेक आली, तिनं आईचा गालगुच्चा घेतला, सिलिंडर जवळ आणून ठेवला आणि सरळ मेन स्विचपाशी गेली. "तयार?"

"तयार," सूरवाले अंगणातून ओरडले. त्यांनी चक्क इस्त्रीचा शर्ट घातला होता.

खट्. फ्रिज गप्प झाला, पंखा रेंगाळत थांबला. अंगणात दोरी ओढल्याचा आवाज आला आणि जनरेटर लागला. खरं तर तो गायलाच लागला. बाईंना सुरातलं काही कळत नसे, पण दुकानात ऐकलेल्यापेक्षा हा आवाज वरचा आहे, ताणलेला आहे, एवढं त्यांनाही कळलं. लेकीनं नवा खटका फिरवला. दिवा लागला, पंखा नेहमीपेक्षा जोरात भिरभिरला. ऑक्सिजनचं यंत्र हुश्श करून सुरू झालं, आणि बाईंनी हसून लेकीकडे पाहिलं.

मग यंत्र टीऽ टीऽ करून ओरडायला लागलं. हिरवा दिवा गेला, तांबडा लागला, आणि ते थांबलं.

लेकीनं शांतपणे बाईंच्या नाकाशी सिलिंडरची नळी लावली, खटका परत फिरवला आणि मेन स्विच चालू केला. घर पूर्ववत झालं. मग ती स्टूल घेऊन कपाटावरची बॅग काढायला चढली. तिचे डोळे भरून आले होते. आईबापाला परीक्षेत नापास करणं कुठल्या लेकीला आवडतं?

बाईंनी दाराकडे पाहिलं. दारात सूरवाले उभे होते, चेहरा पडलेला, आणि त्यांच्या इस्त्रीच्या खिशातून दोन वस्तू डोकावत होत्या. एक नादकाटा आणि एक बारका स्क्रू ड्रायव्हर.

"अहो," बाई म्हणाल्या. "काय केलंत तुम्ही?"

सूरवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "थोडासा वर घेतला," ते म्हणाले. "फार नाही. नादकाट्याशी जुळवला. आता अगदी शुद्ध लागतोय तो."

बॅग धरलेल्या हातांनी लेक स्टुलावरच वळली. "बाबा! तुम्ही जनरेटर सुरात लावलात?"

"अगं, इतकी वर्षं तो फ्रिज, ती ट्यूबलाइट, तो कोपऱ्यावरचा डबा, सगळे माझ्या कानाशी एकच बेसूर सूर धरून बसलेत. एकालाही खुंटी नाही. जन्मात पहिल्यांदा त्या सुराला लावलेला स्क्रू माझ्या हाती आला. मी काय करणार होतो?" सूरवाल्यांनी बाईंच्या यंत्राकडे पाहिलं. "मला वाटलं, तुझ्या आईजवळ काहीतरी सुरेल घुमत राहील."

लेकीला हसावं की रडावं ते कळेना; तिनं दोन्ही केलं. बाईंनी दगडोबाला फोन लावला. तो पाहुण्यांकडे गेला होता, लांब.

"बाई, वेग वाढला की विजेचा ठेका बिघडतो," तो कळवळून म्हणाला. "तुमच्या यंत्राला तो सोसत नाही, म्हणून ते आपणहून बंद पडलं. ते शहाणं आहे. मी संध्याकाळी मीटर घेऊन येतो, मग स्क्रू जागेवर आणू. तोवर कुणी हात लावू नका. अंदाजानं जमणारं काम नाही हे."

लेकीनं घड्याळाकडे पाहिलं. तिला दुपारच्या गाडीनं परत जायचं होतं. "आई, मी परीक्षा घेतली. तुम्ही..."

"माझ्या तलावावर प्रत्येक पोराला दुसरी उडी मिळायची," बाई म्हणाल्या. "तुलाही मिळाली होती. विसरलीस?"

लेक विसरली नव्हती. पहिल्या उडीत ती पोटावर आपटली होती.

"पण आई, मीटर कुठाय?"

सूरवाले स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजवर हात ठेवून उभे राहिले. "हा आहे," ते म्हणाले. "हा बाहेरच्या विजेवर घुमतो. जनरेटर बरोबर चालला तर त्यानं नेमकं याच्याच सुरात घुमायला हवं. मला या सुराची ओळख करून द्यायला नको. इतकी वर्षं शिव्या घालतोय त्याला."

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली.

आता घोडं कुठं अडलं, तर फ्रिज स्वयंपाकघरात आणि स्क्रू अंगणाच्या टोकाला. फ्रिजशी कान लावला तर स्क्रूपर्यंत हात पोचत नाही, आणि जनरेटरपाशी बसलं तर फ्रिज ऐकू येत नाही. शेवटी स्क्रू ड्रायव्हर लेकीच्या हाती आला. ती बाहीची घडी वर करून पत्र्याखाली बसली. जनरेटरवर ओझं हवं म्हणून त्याला लांब वायरनं किटली आणि इस्त्री जोडली. सूरवाले फ्रिज मागच्या दाराशी ओढून त्याला कान लावून बसले; दुसरा कान अंगणाकडे. आणि दाराआडून ही दोघं एकमेकांना दिसत नव्हती, म्हणून मधल्या खिडकीत खुर्चीवर बाई बसल्या. नळी नाकाला, यंत्र बाहेरच्या विजेवर मजेत चाललेलं. त्यांनी खिळ्याला टांगलेली आपली जुनी शिट्टी मागवून गळ्यात घातली होती.

"हात वर केला की थोडं उलटं पिळायचं," त्यांनी लेकीला बजावलं. "हात आडवा केला की थांबायचं. शिट्टी झाली की स्क्रूला सोडायचं. मग आभाळ कोसळलं तरी हात लावायचा नाही."

जनरेटर लागला. सूरवाल्यांनी डोळे मिटले. दोन सूर जवळ आले पण जुळले नाहीत, की त्यांच्या घुमण्यात लाटा उठतात. आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. जितका फरक जास्त, तितक्या लाटा घाईच्या. बाईंना त्या ऐकू येत नव्हत्या, पण नवऱ्याचा तळहात त्यांना दिसत होता. तो हवेत खालीवर, खालीवर होत होता, भराभर, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या तलावासारखा. बाईंनी हात वर केला. लेकीनं स्क्रू जरासा पिळला. तळहाताचा वेग कमी झाला. पुन्हा हात वर, पुन्हा जरासं. लाटा लांब झाल्या, संथ झाल्या. बाईंनी हात आडवा धरला. मग हात पुन्हा अगदी केसभर वर. सूरवाल्यांच्या कपाळावर घाम आला होता. शुद्ध सुरातून हा माणूस स्वतःहून खाली उतरत होता, एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीला त्यांचा चेहरा दात दुखल्यासारखा होत होता.

मग तळहात थांबला. सपाट, पोरं येण्याच्या आधीच्या सकाळच्या पाण्यासारखा.

बाईंनी होता नव्हता तेवढा दम गोळा केला आणि शिट्टी फुंकली. आखूड, कापरी, पण शिट्टी. अंगणातल्या एवढ्या मोठ्या लेकीनं लहानपणच्या सवयीनं दोन्ही हात झटकन वर केले.

पलीकडच्या गल्लीत तलावावर क्षणभर सगळं चिडीचूप झालं, असं बाई नंतर सगळ्यांना सांगायच्या. ते खरं असेलही.

दुसरी उडी. मेन स्विच खट्. दोरी. खटका. दिवा लागला, पंखा आपल्या नेहमीच्या चालीनं फिरला, यंत्र हुश्श करून सुरू झालं. हिरवा दिवा. तिघंही त्या दिव्याकडे बघत बसली. मग लेकीनं किटली लावली, चहा झाला, फ्रिज मधेच लागला, मधेच थांबला. हिरवा दिवा हलला नाही. तास झाला तरी लेक उठली नाही. दुपारची गाडी तिनं केव्हाच सोडून दिली होती.

संध्याकाळी दगडोबा धापा टाकत आला, त्यानं जनरेटरला इस्त्री जोडली आणि मीटर लावून बघू लागला. "सेकंदाला पन्नास ठेके, बाहेरच्या विजेसारखेच," तो म्हणाला. मग मीटर उलटसुलट करून पुन्हा बघितला. "बाई, नेमके पन्नास. आणि इस्त्री लावून! कुठल्या मीटरनं लावलंत?"

"फ्रिजनं," बाई म्हणाल्या. दगडोबानं खूप वेळ विचार केला आणि मग विचार करणं सोडून दिलं.

"आणि तुम्ही," तो सूरवाल्यांकडे वळून हात जोडत म्हणाला, "पुन्हा त्या स्क्रूच्या वाटेला जाऊ नका."

"जाणार नाही," सूरवाले पडेल आवाजात म्हणाले.

लेकीनं बॅग उचलली आणि स्टुलावर चढून कपाटावर, मागं, पार भिंतीशी ढकलली. खाली उतरून तिनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. "पास," ती म्हणाली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

सगळे गेल्यावर सूरवाले बाईंच्या खुर्चीपाशी आले. त्यांनी खिशातून बारका स्क्रू ड्रायव्हर काढला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला.

"हा तुझ्याकडे राहू दे. कुठं ठेवलास ते मला सांगू नकोस."

"का हो? दगडोबाला कबूल केलंत ना?"

"केलं. पण मला माझा भरवसा नाही. एकही तार मी कधी उतरलेली सोडून आलो नाही. हा पहिलाच."

बाईंनी तो स्क्रू ड्रायव्हर उचलून घेतला. त्यांना त्या माणसाचं फार प्रेम आलं. त्यांनी नुसता त्यांचा कान धरून हलवला.

त्यानंतर वीज गेली ती एका कलत्या दुपारी. बाई खिडकीशी होत्या. तलावावर ते रडकं पोर आज पहिल्यांदा काठ सोडणार, असं एकंदर आवाजावरून दिसत होतं. पंखा थांबला, यंत्र थांबलं. सूरवाले लगबगीनं अंगणात गेले. दोरी, खटका, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. ते आत आले आणि बाईंच्या शेजारी स्टुलावर बसले.

अंगणाच्या टोकाला जनरेटर आपल्या त्या अडकलेल्या, ठाम, बेसूर सुरात घुमत होता. त्याच्यावरून तलावही ऐकू येत होता, जरा पुसट. बाईंनी कान दिला. एक धप्प, मग आरडाओरडा, मग टाळ्या. सुटला काठ.

मग त्यांना आणखी काहीतरी ऐकू आलं. शेजारी सूरवाले गुणगुणत होते. डोळे मिटून, बोटं गुडघ्यावर, एक जुनंच गाणं. पण त्यांनी धरलेली पट्टी जनरेटरची होती. ना खालची, ना वरची. कपाळावर आठी नव्हती. आपण कुठल्या सुरात गातोय, याचा त्यांना पत्ताच नसावा.

बाईंनी नळीतून एक लांब श्वास घेतला, जरासा रोखला, आणि मग आपल्या नेहमीच्या बेसूर आवाजात हळूच त्यांच्या गाण्यात गाणं मिसळलं. सूरवाल्यांनी डोळे उघडले, पण अंगणात जायला ते उठले नाहीत.